छावणी ते नळदुर्ग: फौजेचे आभार मानायला निघालेल्यांसाठी पाच दिवस

पहिला दिवस: छत्रपती संभाजीनगर

मराठवाड्याचे आठ जिल्हे सैन्यभरतीच्या हिशेबात दोन कार्यालयांत वाटलेले आहेत. संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली आणि नांदेड हे पाच जिल्हे संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडे. त्यांच्या जोडीला बुलढाणा, जळगाव, धुळे, नंदुरबार. बीड, लातूर आणि धाराशिवची पोरं मात्र पुण्याच्या कार्यालयाखाली येतात. त्यामुळे लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या माणसानं आभाराचं पत्र संभाजीनगरला धाडलं, तर ते भलत्याच टेबलावर जाऊन पडतं. भरती घेणाऱ्यांचे आभार मानायचे असतील तर आधी पत्ता नीट लावावा, मग एसटीत बसावं.

दौरा आखायचा तो भरती मेळाव्याच्या आठवड्यात. तारखा सैन्यभरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात आणि जिल्हा माहिती कार्यालय त्या वर्तमानपत्रांना देतं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तारखांवर भरवसा ठेवून निघालेली पोरं दरवर्षी रिकाम्या मैदानावर पोचतात.

छावणीत शिरताना आधार कार्ड जवळ ठेवावं, मोबाईल खिशात. फाटकाचा, गाड्यांचा, पाट्यांचा फोटो काढायचा नाही, पहाऱ्यावरच्या जवानाबरोबर सेल्फी तर नाहीच. तो नाही म्हणतो ते मग्रुरी म्हणून नव्हे, त्याला तसा हुकूम असतो. पेढ्यांचा बॉक्स किंवा शाल घेऊन गेलात तर तीही परत येईल. भरतीच्या कामावरच्या माणसानं उमेदवारांच्या गावाकडून काहीही घेणं धोक्याचं असतं. आज पेढा घेतला, उद्या गावात बोभाटा की अमक्याचं पोरगं पेढ्यावर लागलं. ज्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल आभार मानायचे, त्यालाच अडचणीत आणायचं कशाला?

चालतं ते पत्र. साधा कागद, वर ‘संचालक, सैन्य भरती कार्यालय’ असा मायना, आणि मजकूर मराठीत लिहिला तरी पाठीमागे हिंदीत उतरवलेला. साहेब केरळचे असतील, सुभेदार गढवालचे असतील. ‘आपण देशाची सेवा करता, आपले उपकार कसे फेडू’ असली वाक्यं प्रत्येक पत्रात असतात, ती वाचून पुढं काही होत नाही. नेमकं लिहावं: अमुक तारखेला, अमुक मैदानावर, पहाटेच्या तुकडीत चक्कर येऊन पडलेल्या मुलाला ट्रॅकवरच्या हवालदारांनी उचलून तंबूत नेलं आणि शुद्धीवर आल्यावर त्याची कागदपत्रं त्याच्या हातात परत दिली. छातीवरच्या पट्टीवरचं नाव दिसलं असेल तर पत्रात जरूर लिहावं, समाजमाध्यमावर मात्र टाकू नये. असं पत्र वरिष्ठांपर्यंत गेलं तर त्या जवानाच्या कामाची दखल घ्यायला त्यांच्या हाती काहीतरी लागतं. स्पीड पोस्टानं पाठवलं की पोचपावतीही मिळते.

गावाकडे फौजेतल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणायची रीत आहे आणि जवानही ती हसून चालवून घेतात. छावणीत मात्र दंडावर बघून बोलावं. एक फीत लान्सनायक, दोन नायक, तीन हवालदार. खांद्यावर तारे आणि त्याखाली रंगीत पट्टी असलेले नायब सुभेदार किंवा सुभेदार, त्यांना ‘साहेब’. नमस्काराऐवजी ‘जय हिंद’.

याच शहरात राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. 1977 पासून ती मुलांना एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेसाठी आणि अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीसाठी तयार करते. गावात दहावीला हुशार मुलगा असेल तर त्याच्या बापाला तिथल्या प्रवेश परीक्षेची माहिती सांगणं, हेही फौजेच्या उपयोगाचंच काम.

दुसरा दिवस: मेळाव्याचं मैदान

हा दिवस रात्रीच सुरू होतो. पोरं आदल्या संध्याकाळच्या गाड्यांनी येतात आणि स्टेशनावर, दुकानांच्या ओट्यावर, रस्त्याच्या दुभाजकावर पाठीवरची बॅग उशाला घेऊन आडवी होतात. उन्हाच्या आत पळवायचं म्हणून आत घेणं मध्यरात्रीनंतर केव्हाही सुरू होतं. भरतीचे लोक त्याही आधी उभे असतात. नागरिकांनी हातभार लावायची पहिली जागा म्हणजे झोपायची जागा. मंगल कार्यालय, समाजमंदिर किंवा शाळेचं पटांगण एका रात्रीसाठी मोकळं करून द्यावं आणि ते कुठं आहे हे आदल्या दिवशीच जिल्हा प्रशासनाला कळवावं. मैदानावरचा मांडव, दिवे, बॅरिकेड, फिरती शौचालयं, टँकर, रुग्णवाहिका यांचं नियोजन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बैठकीत होतं. आपलं काम त्याच बैठकीतून ठरवून घ्यावं. परस्पर टेबल मांडलं की पोलीस उठवतात, आणि बरोबरच करतात.

आत काय चालतं ते माहीत असलं की बाहेर काय लागेल ते कळतं. ऑनलाइन सामाईक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच हल्ली मेळाव्याला बोलावतात, म्हणून पूर्वीसारखी लोटालोटी राहिलेली नाही. प्रवेशपत्र आणि आधार जुळवून झालं, उंची पाहिली, की तुकडीनं 1600 मीटर. 400 मीटरच्या फक्कीनं आखलेल्या ट्रॅकवर चार फेऱ्या. 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत आला त्याला पूर्ण 60 गुण, त्यानंतर गटागटानं कमी. पुढच्या गटांच्या वेळा त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहाव्यात. मग बीम: दहा पुलअप्सना 40 गुण, सहाला 16, सहाच्या आत थांबला तर बाद. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं यांना गुण नाहीत, पण पार करावंच लागतं. मग मापं. अग्निवीर (चार वर्षांसाठी घेतलेला जवान) जनरल ड्यूटीसाठी आपल्याकडे उंची 168 सेंटिमीटर, छाती 77 आणि फुगवून 5 जास्त. त्यानंतर कागदपत्रं, आणि त्यात टिकलेल्यांची वैद्यकीय तपासणी.

शेवटच्या रेषेवरचा हवालदार हात आडवा करतो तो क्षण एकदा कुंपणाबाहेरून बघावा. अर्ध्या पावलानं हुकलेलं पोरगं त्याच्या हाताला धडकतं, रडतं, पायाला हात लावतं. सरपंचाचं असो की ऊसतोड कामगाराचं, हात हलत नाही. त्याच हवालदाराला नंतर त्याच पोराला पाणी देताना पाहिलं की आपण आभार कशाचे मानतोय ते ध्यानात येतं.

आता बाहेरचं टेबल. पाणी: माणशी दोन लिटर धरलं तरी हजार मुलांना 2000 लिटर लागतं, तोंड धुण्याचं वेगळं. पाच हजार लिटरचा एक टँकर पुरतो, पण त्याला चार तोट्यांचा पाइप जोडून घ्यावा, नाहीतर एका नळावर रांग लागते. ओआरएस: बाजारात मोठं पाकीट मिळतं ते एक लिटरसाठी असतं. चाळीस लिटरच्या पिंपाला चाळीस पाकिटं, मोजून. ‘जरा कडक करू’ म्हणून अर्ध्या पाण्यात पाकीट टाकणारे हौशी लोक असतात. तसलं घट्ट पाणी पोरांना मळमळतं आणि उलटी होते. धावण्याआधी खायला काही आग्रह करू नये, फार तर दोन तास आधी एक केळं. पोहे, वडापाव, उसाचा रस हे धावण्यापूर्वी वाटणं म्हणजे मदत नव्हे, पोराची चौथी फेरी घालवणं आहे.

जेवण बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावं. शंभर पोरांना आठ किलो तांदूळ आणि चार किलो मुगाची डाळ अशी सैल खिचडी, वर शेंगदाण्याची चटणी. पुरी-भाजी टाळावी: तळण थंड झालं की घशाखाली उतरत नाही आणि वाटपाला दुप्पट हात लागतात. आणि वाढताना एवढं सांभाळा की ‘काय झालं, लागलास का?’ असं विचारायचं नाही. बाहेर येणाऱ्यांत न निवडलेलेच जास्त असतात.

कागदपत्रांच्या टेबलाची गरज जेवणापेक्षा जास्त आहे. पोरं मैदानात चांगली पळून कागदात अडकतात. नेहमीचे घोटाळे असे: दहावीच्या गुणपत्रकावर एक नाव आणि आधारवर दुसरं, सरपंचाचा किंवा पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना, दाखल्यावर फोटोच नाही, किंवा आहे पण त्यावर शिक्का नाही, अविवाहित असल्याचा दाखला आणलेला नाही, प्रतिज्ञापत्र अधिसूचनेतल्या नमुन्यात नाही, स्टुडिओवाल्यानं संगणकावर गोरा करून दिलेला फोटो. पांढऱ्या पार्श्वभूमीचे, अलीकडचे वीस फोटो लागतात आणि सुधारलेला फोटो चालत नाही. टेबलावर झेरॉक्स यंत्र, इन्व्हर्टर, स्टेपलर, कात्री, काळ्या शाईचे पेन, प्लास्टिकच्या फायली आणि एक नोटरी बसवावा. डिंक आणू नका. पातळ डिंकानं फोटो ओला होतो आणि शिक्क्याची शाई पसरते, गोंदाची कांडी बरी. नावातला फरक तिथं मिटत नाही, तो गावातच दोन-तीन महिने आधी मिटवावा लागतो. ग्रामपंचायतीत असा एक कागद तपासायचा दिवस ठेवला तर भरतीच्या कारकुनांचा निम्मा डोकेदुखीचा भाग गावातच संपेल.

वैद्यकीय तपासणीत ज्यांना अनफिट ठरवतात त्यांना कारण सांगतात आणि सैनिकी रुग्णालयात पुन्हा तपासून घ्यायची संधीही देतात. कानातला मळ, वाकडं नाकाचं हाड, चिकटणारे गुडघे, सपाट तळवे, अंडवृद्धी ही तर वरचेवर दिसणारी कारणं. कान आणि नाक दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरला दाखवून घेता येतं. चिकटणाऱ्या गुडघ्यांवर आदल्या रात्रीचा कुठलाच उपाय नाही, तसा विकणाऱ्याला पैसे देऊ नयेत. तसंच ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्यालाही. भरतीला पैसा लागत नाही. मैदानाबाहेर असा दलाल दिसला तर पोलिसांना आणि भरती कार्यालयाला तिथल्या तिथं कळवणं, हे भरती घेणाऱ्यांवरचं फार मोठं ओझं हलकं करतं, कारण दलालाच्या थापेमुळे बदनाम तेच होतात.

लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी लावू नका. आत शिट्टीवर काम चालतं.

तिसरा दिवस: जालना, परभणी, नांदेड

रेल्वेनं जावं. संभाजीनगरहून नांदेडला जाणाऱ्या गाडीत रजेवर निघालेला किंवा रजा संपवून परतणारा जवान हमखास भेटतो. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये तर जास्तच. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव. नियमित जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. अग्निवीराला वर्षाची 30. त्यात दोन-तीन दिवस जाण्यात आणि तेवढेच येण्यात. घरून अचानक बोलावणं आलं तर आरक्षण कुठून मिळणार? रात्रभर दाराशी ट्रंकेवर बसलेल्या माणसाला बाकाचा कोपरा द्यावा आणि झोपू द्यावं. ‘कुठं पोस्टिंग? तिकडं आता काय चाललंय?’ हे प्रश्न गिळावेत. तो उत्तर देणार नाही, आणि शेजारचा कोण ऐकतोय हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या लंगरमध्ये पंगतीला कुणीही बसू शकतो. गणवेशातली माणसं तिथं येतात तेव्हा ती यात्रेकरू असतात. त्यांना तसंच असू द्यावं.

दुपार पोस्टासाठी ठेवावी. ओळखीतल्या जवानाला पत्र किंवा खाऊ पाठवायचा तर पत्त्यावर गावाचं नाव लिहायचं नाही. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, आणि शेवटी फौजेच्या टपालाचा ‘56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’. 56 ची टपाल विभागणी दिल्लीतून होते, 99 ची कोलकात्यातून. पिनकोड 9 नं सुरू होतो, आणि तोच खरा महत्त्वाचा: आकडा चुकला तर पार्सल महिनाभर फिरतं. जवानाच्या घरून पत्ता घ्यावा आणि जसाच्या तसा उतरवावा. ‘लेह’ किंवा ‘तवांग’ अशी आपल्या मनानं भर घालू नये.

खाऊ निवडताना पंधरा दिवस धरून चालावं. कुंथलगिरीचा पेढा कितीही प्यारा असला तरी पाठवू नका, खव्याला वाटेतच बुरशी येते. चिवडा तेलामुळे खवट होतो, त्यातही खोबरं घातलेला आधी. टिकतात ते कडक भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेंगापोळी, तिळगूळ, भाजक्या पिठाचे लाडू. कडक भाकरी एकमेकींवर रचून मध्ये वर्तमानपत्र घालावं आणि डबा पत्र्याचा घ्यावा, प्लास्टिकचा दाबानं चेपतो आणि आत भुगा होतो. चटणी भाजून पूर्ण गार झाल्यावरच भरावी. कोमट भरली की झाकणाला घाम सुटतो. डबा जाड कापडात शिवून पत्ता दोनदा लिहावा: एकदा कापडावर पक्क्या शाईनं, एकदा चिठ्ठीवर डब्याच्या आत. एकट्यापुरतं पाठवू नये. डबा उघडला की बरॅकभर वाटला जातो, तेव्हा दोन किलोच्या आत भागत नाही.

चौथा दिवस: लातूर, किल्लारी

नांदेडहून लातूरपर्यंत सुमारे 140 किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय उघडायच्या वेळेला पोचता येतं. असं कार्यालय प्रत्येक जिल्ह्याला आहे. 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी, 1949 पासून चालत आलेला, याच कार्यालयांमार्फत गोळा होतो. देणगी इथंच द्यावी आणि पावती घ्यावी. छातीला कागदी झेंडा टोचून डबा पुढं करणाऱ्याकडे पावतीपुस्तक नसेल तर हात जोडून पुढं जावं.

पैशापेक्षा वेळ असेल तर कार्यालयात विचारा की कुठल्या वीरपत्नीला किंवा म्हाताऱ्या निवृत्त जवानाला हयातीच्या दाखल्याची अडचण आहे. वर्षातून एकदा हा दाखला झाला नाही की पेन्शन थांबते. सोबत आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. अडतं कुठं, तर बोटाच्या ठशात. खुरपं धरून धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेतच नाही, आणि केंद्रवाला ‘आजी, उद्या या’ म्हणतो. अशा वेळी जीवन प्रमाणच्या ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. उजेड चेहऱ्यावर समोरून पडावा, डोईवरचा पदर जरा मागे घ्यावा, चष्मा काढावा, डोळ्यांची उघडझाप करावी. काम घरच्या ओट्यावर होतं. दुसरी अडचण फौज सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं असण्याची. ती अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करूनच सुटते आणि अर्ज कल्याण कार्यालयातून लिहून मिळतो. नवऱ्याच्या हयातीत हे झालेलं बरं. मागाहून फार फेऱ्या पडतात.

दुपारी औशावरून किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन आटोपून निजलेली गावं. जाड दगडी भिंती, मध्ये मातीचा लेप, वर माळवदाचा मणामणाचा भार. भिंत फाकली की छत सरळ माणसांवर. लातूर आणि धाराशिव मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. लष्कराच्या तुकड्या आल्या तेव्हा पाऊस सुरू झाला होता, माळवदाच्या मातीचा चिखल झाला होता आणि अरुंद गल्ल्यांत यंत्र शिरत नव्हतं. जवानांनी ढिगारे हातांनी उपसले, जिवंत होते ते बाहेर काढले, आणि ज्यांना खांदा द्यायला घरातलं कुणी उरलं नव्हतं त्यांचे अंत्यविधीही उरकले. मराठवाड्यात फौजेबद्दलच्या मायेला इतकं सरळ कारण दुसरं नाही. किल्लारीतल्या जुन्या माणसांना त्याबद्दल आपणहून विचारू नये. सांगितलं तर ऐकावं. स्मृतिस्तंभापाशी थांबून पुढं निघावं.

पाचवा दिवस: नळदुर्ग

उमरग्यावरून महामार्गानं नळदुर्ग गाठायचं. किल्ल्याला येणारे बोरी नदीवरचा बांध आणि त्यातला पाणीमहाल बघतात, पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांसाठी गर्दी होते. फौजेच्या वाटेवरचा माणूस इथं दुसऱ्याच गोष्टीसाठी येतो. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबादेवरची कारवाई सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या सैन्याचा पहिला टप्पा नळदुर्ग होता. बोरीवरचा पूल शाबूत हाती येणं गरजेचं होतं, आणि तो पहिल्याच दिवशी आला. पाचव्या दिवशी, 17 तारखेला, निजामानं शरणागती पत्करली. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन.

त्या पहिल्या दिवशी या परिसरात दुसऱ्या शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडला. पहाटे चारच्या सुमारास शत्रूची दोन वाहनं येताना दिसली. त्यानं आपल्या सेक्शनला गोळीबाराचा हुकूम दिला आणि वाहनं ताब्यात घेतली. नंतर मोर्चा बांधून बसलेल्या शत्रूवर चढाई करताना ठाणं तीस यार्डांवर राहिलं असताना लाइट मशीनगनच्या गोळ्या मांडीत घुसल्या. सरपटत पुढं जाऊन त्यानं दोन ग्रेनेड टाकले आणि ती बंदूक बंद पाडली. मागे न्यायला आले त्यांना त्यानं नकार दिला. अशोक चक्र हा सन्मान 1952 मध्ये सुरू झाला आणि पूर्वीच्या पराक्रमांनाही लागू झाला. ज्या पहिल्या पराक्रमासाठी तो दिला गेला तो आपल्या धाराशिव जिल्ह्यातला, पंजाबच्या माणसाचा. 17 सप्टेंबरला आपल्याकडे गावोगाव ध्वजारोहण होतं, त्या भाषणांत हे नाव क्वचित येतं.

शीख रेजिमेंटचं केंद्र झारखंडमध्ये रामगढ छावणीत आहे. पत्र ‘कमांडंट, सिख रेजिमेंटल सेंटर, रामगढ छावणी, झारखंड’ या पत्त्यावर हिंदीत लिहावं. शाळेनं किंवा ग्रामपंचायतीनं लिहिलं तर लेटरहेडवर. तारीख, पलटण, हवालदाराचं पूर्ण नाव, आणि आपल्या गावात त्या दिवशी काय करणार तेवढं. ऑगस्टअखेर स्पीड पोस्टानं टाकलं तर 13 तारखेच्या आत पोचायला हरकत नसते. पत्रासोबत शाल पाठवू नये. नळदुर्गहून सोलापूर स्टेशन पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि महामार्गावरून गाड्या दिवसभर मिळतात.